खांदा कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉर्न टु रन’ या तबकडीला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनवर लेख आला होता. मराठी वर्तमानपत्रात रॉक संगीताला अर्धे पान मिळणे हेच अप्रूप, त्यामुळे लेख दोनदा वाचला. तक्रार आहे ती सोबतच्या चित्राबद्दल.

चित्रात काळे चामडी जाकीट घातलेला, गळ्यात गिटार अडकवलेला स्प्रिंगस्टीन हसत कशाला तरी रेलून उभा आहे. नातवाने पान पाहिले आणि विचारले, “आजोबा, हा भिंतीला टेकलाय का?”

ती भिंत नाही. तो त्याच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स याचा खांदा आहे. एरिक मिओला या छायाचित्रकाराने 1975 साली टिपलेले हे छायाचित्र तबकडीच्या कव्हरच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. कव्हर पूर्ण उघडले की डावीकडे काळी हॅट घातलेला, टेनर सॅक्सोफोन फुंकणारा धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस दिसतो. म्हणजे अर्धे चित्र कापण्याचे पाप मूळचे कव्हराच्या घडीचेच, तुमच्याकडे ते फक्त पुढे चालू राहिले. पण लेखातही त्याचे नाव एकदाही येऊ नये? उलट ‘जंगललँड’ या शेवटच्या गाण्यात “मागे ट्रम्पेट वाजतो” असे छापले आहे. ट्रम्पेट आहे, पण तो त्याच्या आधीच्या ‘मीटिंग अक्रॉस द रिव्हर’ या गाण्यात, आणि तो रँडी ब्रेकरने वाजवला आहे. ‘जंगललँड’मध्ये आहे तो सॅक्सोफोन, आणि तो ‘मागे’ तर अजिबात नाही. साडेनऊ मिनिटांच्या त्या गाण्यात दोन मिनिटांहून जास्त वेळ गायक गप्प असतो आणि गाणे एकटा क्लेमन्स पुढे नेतो. ते वादन मनासारखे होईपर्यंत स्प्रिंगस्टीनने त्याला सोळा तास स्टुडिओत उभे ठेवले होते. एकेक तुकडा सांगायचा, वाजवून घ्यायचा, नको म्हणायचे, पुन्हा वाजवून घ्यायचा. मी मिरजेत राहतो, सतारीच्या जवारीवर, म्हणजे तारेचा झंकार नेमका जुळवण्यावर, दिवस दिवस घालवणारे कारागीर लहानपणापासून पाहिले आहेत, म्हणून ते सोळा तास मला खरे वाटतात.

क्लेमन्सचा जन्म 11 जानेवारी 1942 चा, व्हर्जिनिया राज्यातला. वडिलांचे मासळीचे दुकान होते आणि आजोबा बाप्टिस्ट धर्मोपदेशक. नवव्या वर्षी पोराने नाताळला विजेवर चालणारी आगगाडी मागितली, वडिलांनी हातात सॅक्सोफोन ठेवला. पोरगा हिरमुसला असणार. पुढे काकांनी किंग कर्टिस या सॅक्सोफोनवादकाची तबकडी आणून दिली आणि सारे पालटले. किंग कर्टिसच्या टेनर सॅक्सोफोनमध्ये एक खरखर असते. वादक फुंकतानाच घशातून हुंकार देतो, त्यामुळे सुराला काटे फुटल्यासारखे वाटते. क्लेमन्सने ती खरखर उचलली आणि तिच्यात चर्चमधल्या गाण्याचा पसरटपणा मिसळला. 1950 च्या दशकात रॉक अँड रोलमध्ये सॅक्सोफोन मानकरी होता. पुढे गिटारने त्याची जागा घेतली. सत्तरच्या दशकात त्याला पुन्हा पहिल्या रांगेत आणून उभे करणाऱ्यांत क्लेमन्सचे नाव फार वरचे आहे.

कॉलेजात संगीत आणि अमेरिकन फुटबॉल अशी दुहेरी शिष्यवृत्ती. व्यावसायिक संघाच्या चाचणीच्या तोंडावर मोटारीचा अपघात झाला आणि खेळ संपला. मग न्यू जर्सीत जेम्सबर्गच्या सुधारगृहात वाट चुकलेल्या मुलांचा समुपदेशक म्हणून नोकरी केली. दिवसा नोकरी, रात्री बारमध्ये सॅक्सोफोन. माझी मुलगी तिथून जवळच एडिसनला राहते. तिच्याकडे गेलो असताना हट्टाने तासाभरावरच्या अ‍ॅस्बरी पार्कला गेलो होतो, कारण 1971 साली क्लेमन्स आणि स्प्रिंगस्टीन यांची गाठ तिथल्याच एका बारमध्ये पडली. वादळी रात्र होती, क्लेमन्सने दार उघडले आणि दारच बिजागरीतून निखळून वाऱ्याबरोबर उडाले, असे दोघेही सांगत. कितपत खरे, देव जाणे. ‘बॉर्न टु रन’वरच्या दुसऱ्याच गाण्यात ‘बिग मॅन’ बँडमध्ये आल्याचे स्प्रिंगस्टीन गातो, तो हाच.

एक गोरा एका काळ्याच्या खांद्यावर असा हसत रेलला आहे, हे चित्र 1975 च्या अमेरिकेत साधे नव्हते. बँडमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय असा क्लेमन्स एकटाच उरला होता आणि समोरचा श्रोताही बहुतेक गोराच असे. म्हणून तर ते चित्र अर्धे छापले की त्याचा अर्थही अर्धा होतो.

माझा स्वतःचा संबंध सांगतो. 1988 साली बँकेच्या नोकरीत माझी बदली दिल्लीला होती. 30 सप्टेंबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मोठा कार्यक्रम झाला. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे होत होती, त्यानिमित्त स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू एन्दूर आणि स्प्रिंगस्टीन जगभर फिरत होते. कचेरीतल्या एका मित्राकडे जादा तिकीट होते एवढ्यावर मी गेलो. तोवर सॅक्सोफोन म्हणजे माझ्या लेखी वरातीच्या बँडमधले वाद्य, फार तर हेलनच्या नाचामागे मनोहारी सिंगांनी वाजवलेले. त्या रात्री तो धिप्पाड माणूस पुढे आला आणि वाद्य तोंडाला लावले. पुढचे काय लिहू? इंग्रजी शब्द मला निम्मेही कळत नव्हते. सॅक्सोफोनला शब्द नव्हते, ते सगळे कळले.

त्यानंतर वर्षभराने, 1989 मध्ये, स्प्रिंगस्टीनने बँड मोडला. क्लेमन्स तेव्हा बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्याबरोबर जपानच्या दौऱ्यावर होता, बातमी फोनवर कळली. आपल्याकडे गवई आणि तबलजी यांचे बिनसले की त्याच्या दंतकथा होतात. इथे दहा वर्षांचा अबोला नव्हे, पण दुरावा होता, आणि 1999 मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात आणि त्याआधीही क्लेमन्स रिकामा बसला नव्हता. गायिका अरेथा फ्रँकलिनच्या ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ या गाण्यातला सॅक्सोफोन त्याचाच.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला आवडेल. न्यूयॉर्कमध्ये राहणारे बंगाली गुरू श्री चिन्मय यांचा तो शिष्य होता आणि त्यांनी त्याचे नाव ‘मोक्षागुन’ ठेवले होते. आपण ‘मोक्षगुण’ असे वाचून मोकळे होऊ, पण बंगालीत ‘आगुन’ म्हणजे आग. मोक्षाची आग. सॅक्सोफोनवाल्याला याहून चपखल नाव मला सुचत नाही.

शेवटची वर्षे शरीराने छळले. गुडघे बदलले, पाठीच्या शस्त्रक्रिया झाल्या, रंगमंचावर बसायला खुर्ची लागू लागली. तरी 2011 मध्ये लेडी गागाच्या ‘द एज ऑफ ग्लोरी’साठी त्याने वाजवले, म्हणजे माझ्या नातवंडांच्या पिढीनेही त्याला नाव न कळता ऐकले आहे. त्याच जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि 18 तारखेला तो गेला. वय 69. पुढच्या वर्षी बँड पुन्हा फिरू लागला तेव्हा सॅक्सोफोन त्याचा पुतण्या जेक याच्या हातात होता. त्या ‘बिग मॅन’च्या ओळीवर आले की स्प्रिंगस्टीन गाणे थांबवी आणि सभागृह बराच वेळ नुसता जल्लोष करत राही.

एडिसनहून आणलेले कव्हर पूर्ण उघडून त्याचा फोटो सोबत जोडला आहे. जागा कमी पडली तर या वेळी गायक कापावा. तो एकदा छापून झाला आहे.

आपला,
एक जुना वाचक, मिरज