वाकडच्या हॉटेलातल्या नाइट शिफ्टच्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव बॅजवर वाचलंय पण इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या मॅनेजर साहेबांना मेल केलाय त्यात नाव आहे, आणि हे पत्रही त्यांनाच तुम्हाला द्यायला सांगितलंय.

मी कोल्हापूरची, क्वालिटीत आहे, चाकणला सप्लायर ऑडिटसाठी येणंजाणं चालूच असतं. त्या मंगळवारी एका सप्लायरला मेजर एनसी, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली गंभीर त्रुटी, टाकली होती, त्यामुळे ती क्लोज होईपर्यंत त्यांची नवीन ऑर्डर अडकली. क्लोजिंग मीटिंगलाच आवाज चढले होते, त्यात मोशी-भोसरीचं ट्रॅफिक, वाकडला पोचायला सव्वादहा झाले आणि डोकं नुसतं भणभणत होतं. माझ्या मागे दोघेजण चेक-इनला उभे होते. तुम्ही रूम नंबर तोंडाने उच्चारलाच नाहीत, की-कार्डच्या पाकिटावर पेनाने लिहिलात, पाकीट माझ्याकडे फिरवलंत आणि आकड्याखाली बोट ठेवलंत, "मॅडम, ही तुमची रूम." मी मास्क्ड आधार दिलं, शेवटचे ४ आकडे दिसतात ते, तर एरवी कितीतरी ठिकाणी "पूर्ण नंबरवालं द्या" म्हणून हुज्जत घालतात, तुम्ही स्कॅन करून लगेच परत दिलंत. सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर फक्त माझंच नाव होतं. नाहीतर ते जाडजूड रजिस्टर असतं ना बऱ्याच लॉजवर, कुठून आलात, कुठे जाणार, मोबाइल नंबर, वरच्या दहा माणसांचं सगळं वाचून घ्या! पोलिसांसाठी नोंद लागते हे मान्य, पण ती शेजारच्या गेस्टने कशाला वाचायची?

मग सव्वाअकराला फोन वाजला. तुमचा आवाज एकदम हळू, "मॅडम, खाली एक गृहस्थ आलेत, तुमचं नाव घेतायत, भाऊ आहे म्हणतायत. तुम्ही इथे उतरलाय की नाही हे मी सांगितलेलं नाही. भेटायचंय का तुम्हाला?"

दादा, मला सख्खा भाऊ नाही.

हातपाय गार पडले माझे. कारण २ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात असंच झालं होतं, तिथल्या रिसेप्शनने "ओळखीचे आहेत म्हणाले" म्हणून सरळ रूम नंबर सांगून टाकला, आणि रात्री दारावर थापा. त्या रात्री मी दाराला खुर्ची लावून, त्यावर बॅग ठेवून, दिवा चालू ठेवून सकाळपर्यंत बसून काढली होती. घरी तेव्हा सांगितलंच नाही.

तुम्ही मात्र माझं "नाही" ऐकलंत आणि "ठीक आहे मॅडम, लॅच लावून घ्या, मी आहे" एवढंच म्हणालात. खाली काय काय झालं ते सकाळी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. तो सप्लायरचाच माणूस, मिठाईचा बॉक्स घेऊन आलेला. तुम्ही फोनसुद्धा काउंटरवरून केला नव्हता, आतल्या ऑफिसात जाऊन केला, कारण समोर नंबर दाबला तर दिसतो. तुम्ही काउंटरवर परत आल्यावर तो म्हणाला, बरं भेट नको, हा बॉक्स तरी पोचवा. तुम्ही तोही घेतला नाहीत. बॉक्स घेतला म्हणजे मी इथे आहे हे त्याला कळलंच की! हे मला स्वतःला सुचलं नसतं, खरंच सांगते, मी असते तर बिचारा म्हणून बॉक्स ठेवून घेतला असता. तो आवाज चढवायला लागला तरी तुमचं एकच वाक्य, "सर, कुठल्याही गेस्टबद्दल आम्ही माहिती देत नाही."

ऑफिसात एकजण म्हणाला, त्यात काय एवढं, कामच आहे त्याचं. हो, कामच आहे. पण माझंही आयुष्य दुसऱ्यांची कामं तपासण्यातच चाललंय, फाइलमध्ये एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, सगळ्यांकडे असते, देखणी, सहीशिक्क्याची, आणि शॉप फ्लोअरवर गेलं की ऑपरेटरला ती माहीतच नसते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, २०२३ मध्ये डेटाचा कायदा आला, सगळं चांगलंच झालं, पण त्या रात्री काउंटरवर ना कोर्ट होतं ना मॅनेजर, एक चिडलेला माणूस होता आणि तुम्ही होतात.

आणि सकाळच्या शिफ्टच्या ताईंना मी एक शब्द सांगायच्या आधीच सगळं माहीत होतं. "रात्रीचं लॉगबुकमध्ये आहे मॅडम, तुमची कॅब पोर्चऐवजी खाली पार्किंगमध्ये बोलावलीय." हँडओव्हर असा होतो बघा! तुम्ही शिफ्ट संपवूनही मी गाडीत बसेपर्यंत लिफ्टपाशी थांबला होतात, डोळे लाल झालेले, आणि मी त्या गडबडीत धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. मनापासून आभार दादा.

एनसीच्या फॉलो-अपला पुढच्या महिन्यात परत येतेय, तुमच्याकडेच उतरणार. आईला शेवटी सगळं सांगितलं, आधीचंही. तिने तुमच्यासाठी गुळाची ढेप काढून ठेवलीय, तेवढी मात्र काउंटरवर घ्या.