सर्वांत प्रभावी घटना : लढाई नव्हे, दुपदरी नळी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मानवी इतिहासावर सर्वाधिक परिणाम करणारी घटना कोणती, यावर आपल्या अंकात चाललेली वाचकांची चर्चा लढाया, क्रांत्या, सागरी सफरी आणि छापखाना यांच्याभोवतीच फिरते आहे. मध्येच कोणी शेतीचा शोध सुचवतो. पण शेती ही घटना नव्हे. पश्चिम आशियात, चीनमध्ये, मेक्सिकोत वेगवेगळ्या काळी, पिढ्यान्‌पिढ्या सावकाश घडत गेलेली ती गोष्ट आहे. तिला तारीख नाही. ती यादीत घेतली तर अग्नी आणि भाषाही घ्यावी लागेल, मग वादाला काही उरत नाही.

जिला ठिकाण आणि दिवस आहे तीच घटना, अशी अट घालावी आणि दोन प्रश्न विचारावेत. ती वजा केली तर आज काय उरणार नाही, आणि ते एकेक कडी जोडून दाखवता येते का? ती त्या दिवशी घडली नसती तर थोड्याच वर्षांत दुसऱ्या कोणी घडवली असती का? वॉटर्लू पहिल्याच प्रश्नाला गारद होते. १८ जून १८१५ रोजी नेपोलियन जिंकला असता, तरी ऑस्ट्रिया आणि रशियाच्या फौजा त्याच्या दिशेने निघालेल्याच होत्या. गुटेनबर्गचा छापखाना पहिल्या प्रश्नात उत्तम गुण घेतो. दुसऱ्यात मात्र कोरिया आडवा येतो, कारण तिथे १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी ग्रंथ छापला गेला होता. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी टोचलेली गाईच्या देवीची (काउपॉक्सची) लस हा तगडा उमेदवार आहे आणि तिच्या बाजूने कोणी लिहिले तर माझा विरोध नाही. तरीही माझे मत अमोनियाला, म्हणजे हवेतल्या नत्रापासून खत बनवण्याच्या पद्धतीला.

हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायू आहे, पण तो पिकाच्या कामाचा नाही. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडायला २८ ग्रॅम नत्रामागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. निसर्गात हे काम वीज करते आणि हरभरा-तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात. बाकी सारी शेती शेणखतावर, म्हणजे तेच नत्र फिरवून वापरण्यावर. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. आजच्या ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ते २०.७ किलो असते. एका गोणीची बरोबरी करायला चार टनांहून अधिक शेणखत लागते. एकोणिसाव्या शतकात युरोपने ही तूट आधी पेरूच्या बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेने आणि मग चिलीच्या सोऱ्याने भरून काढली. १८९८ साली ब्रिस्टलच्या भाषणात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सने हा साठा संपल्यावर गहू खाणाऱ्या देशांचे काय होणार, असा थेट सवाल केला. त्याच्या मते उत्तर रसायनशास्त्राने द्यायचे होते.

कागदावर उत्तर सोपे आहे. एक भाग नत्रवायू, तीन भाग हायड्रोजन, आणि हाती दोन भाग अमोनिया. एका टन अमोनियाला ८२३ किलो नत्र आणि १७७ किलो हायड्रोजन लागतो. चार भागांचे दोन होतात म्हणून दाब वाढवला की अमोनिया जास्त होतो. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते म्हणून तापमान कमी असलेले बरे. पण तापमान कमी ठेवले तर नत्राचा बंध तुटतच नाही, आणि वाढवले तर झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. इकडे आड, तिकडे विहीर. या विहिरीत अनेकजण पडले. फ्रान्सच्या ल शातेलिएने १९०१ मध्ये उच्च दाबाचा प्रयोग केला, वायूत हवा शिरली, स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. ओस्टवाल्डसारख्या दिग्गज जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०० साली लोखंडी तारेवर अमोनिया मिळाल्याचे जाहीर केले. तो अमोनिया लोखंडात आधीपासून असलेल्या नायट्राइडमधून (लोखंड आणि नत्राच्या संयुगातून) येत होता. ही चूक जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीत नुकत्याच लागलेल्या कार्ल बॉश या तरुणाने दाखवून दिली. नाव लक्षात ठेवावे, पुढे तोच येणार आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबरचे कौतुक फक्त उत्प्रेरकासाठी (स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया जलद करणाऱ्या पदार्थासाठी) होते, ते अपुरे आहे. त्याची खरी युक्ती फेरीची होती. एका फेरीत थोडाच अमोनिया होतो तर होऊ द्या. तो थंड करून द्रवरूपात काढून घ्या आणि उरलेला वायू पुन्हा त्याच दाबाने फिरवा. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने आत येणारा थंड वायू तापवा. यासाठी झडपा आणि पंप रॉबर्ट ल रॉसिन्योल या सहकाऱ्याने रचले. २ जुलै १९०९ रोजी जर्मनीतील कार्लस्रुहेच्या प्रयोगशाळेत साधारण १७५ वातावरण दाब (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १७५ पट), साडेपाचशे अंशांच्या आसपास तापमान आणि ऑस्मियम धातूचा उत्प्रेरक यांवर तासाला सुमारे ८० ग्रॅम अमोनिया टपकू लागला. बहुतेक याद्या इथे थांबतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कारण हे यंत्र मोठे करता येत नव्हते. एक अडचण ऑस्मियमची. जगातला सारा मिळून शंभर किलोच्या आसपास, तोही बीएएसएफने विकत घेऊन ठेवला. तिथल्याच आल्विन मिटाश या रसायनशास्त्रज्ञाने लहान, झटपट बदलता येणाऱ्या नळ्यांची रांग मांडली. प्रत्येकीत साधारण दोन ग्रॅम पदार्थ घालून त्याने चाचण्यांचा सपाटा लावला. १९१२ च्या सुरुवातीपर्यंत २,५०० पदार्थ आणि ६,५०० चाचण्या झाल्या. शुद्ध लोखंड चालत नव्हते, पण स्वीडनच्या गॅलिव्हारे खाणीतले चुंबकी लोहखनिज झकास चालले. गुण त्यातल्या भेसळीचा होता. लोखंडात थोडे अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅशचे संयुग मिसळले की काम होते. अॅल्युमिनामुळे लोखंडाचे बारीक कण तापून एकमेकांना चिकटत नाहीत, पोटॅशमुळे नत्राचा बंध सैल होतो. उलट गंधक, क्लोरीन किंवा आर्सेनिक अगदी थोडे आले तरी उत्प्रेरक मरतो. कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफही त्याला सोसत नाही. म्हणून आजही अमोनियाच्या कारखान्याचा बराच मोठा भाग वायू स्वच्छ करण्यातच गुंतलेला असतो.

दुसरी अडचण पोलादाची. बॉशने कार्बनयुक्त पोलादाच्या जाड नळ्या वापरल्या. बाहेरून तापवलेल्या त्या नळ्या सुमारे ८० तास चालल्या आणि फुटल्या. कापून पाहिल्या तर आतला थर ठिसूळ झालेला. आधी वाटले, हा नत्राचा प्रताप असेल. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की दोषी हायड्रोजन आहे. तप्त आणि दाबाखालचा हायड्रोजन पोलादात घुसतो, तिथल्या कार्बनशी मिळून मिथेन तयार करतो. मिथेनचे रेणू मोठे, त्यांना बाहेर निसटता येत नाही. ते आतून दाब देतात आणि बारीक तडे पडतात. ज्या कार्बनमुळे पोलादाला ताकद येते तोच निघून जातो. कार्बन नसलेले नरम लोखंड वापरावे तर त्याला दोनशे वातावरणांचा दाब झेपत नाही.

१९११ मध्ये बॉशने दोन कामे दोन वेगळ्या नळ्यांना वाटून दिली. आत नरम लोखंडाचे पातळ अस्तर. त्याने वायू अडवायचा, भार पेलायचा नाही. बाहेर मजबूत पोलादी कवच. त्याने भार पेलायचा, पण हायड्रोजनला तोंड द्यायचे नाही. अस्तरातून थोडा हायड्रोजन झिरपणारच. म्हणून कवचाला ठिकठिकाणी बारीक भोके पाडली. झिरपलेला वायू कवचात दाब धरून बसण्याआधीच भोकांतून निघून जातो, आणि कवच तुलनेने थंड राहत असल्याने त्याला इजा होत नाही. उच्च दाब कोंडायच्या भांड्याला मुद्दाम भोके पाडायची, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडगळ वाटते. पण त्याच भोकांनी प्रयोगशाळेतले खेळणे कारखान्यात नेले. ९ सप्टेंबर १९१३ रोजी बीएएसएफचा जर्मनीतील ओपाऊचा कारखाना सुरू झाला. क्षमता दिवसाला ३० टन.

आजचे कारखाने याच रेषेवर आहेत, फक्त हायड्रोजन कोळशाऐवजी बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून येतो. मुंबईच्या ट्रॉम्ब्यात आणि अलिबागजवळ थळला असे कारखाने आहेत. गंधक काढायचे, निकेलवर वाफेने वायू फोडायचा, कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, उरलासुरला मोनॉक्साइड मिथेनमध्ये बदलायचा, मग दीडशे ते अडीचशे वातावरणांवर दाबून लोखंडी उत्प्रेरकावरून फिरवायचे. एका फेरीत पंधरा टक्क्यांच्या आसपास रूपांतर होते. जमत जाणारा आर्गॉन अधूनमधून बाहेर सोडला नाही तर तोच जागा अडवतो आणि उत्पादन पडते. बाजूला काढलेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाशी जोडला की युरिया.

आता वजाबाकी. १९०० साली जगाची लोकसंख्या १६० कोटींच्या आसपास होती, आज आठशे कोटींच्या वर आहे. अभ्यासकांच्या अंदाजाने यातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या नत्राशिवाय उगवले नसते. साखळी सरळ आहे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते, ते धान्यातून येते आणि धान्यात ते गोणीतून येते. हरित क्रांतीचे श्रेय बुटक्या गव्हाला देतात. ते बरोबरच, पण बुटका गहू लागला कशासाठी? जुन्या उंच जातींना नत्र जास्त दिले की ताट वाढते, लोंबी जड होते आणि पीक लोळते. बुटकी जात हे नत्र पचवण्याचे साधन होते. गोणी नसती तर तिचा फारसा उपयोग झाला नसता.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझा उमेदवार थोडा लंगडतो, हे कबूल केले पाहिजे. नत्र बांधण्याचे इतर मार्ग होते. नॉर्वेत १९०५ पासून विजेच्या ठिणगीने हवेतले नत्र जाळून नायट्रेट बनत होते आणि कॅल्शियम कार्बाइडवर नत्र सोडून सायनामाइडही बनत होते. दोन्ही विजेचे भुकेले, धबधब्याजवळच परवडणारे. फ्रान्समध्ये क्लोद आणि इटलीत कासाले यांनी काही वर्षांतच आपापल्या पद्धतीने अमोनिया केला. म्हणजे ओपाऊ नसते तर जग दहाएक वर्षे थांबले असते असे धरू. पण ती दहा वर्षे १९१३ नंतरची होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने चिलीच्या सोऱ्याची वाट बंद केल्यावर, त्याच सोऱ्यापासून बनणारा जर्मनीचा दारूगोळा सरणार होता. बॉशने अमोनियाचे नायट्रिक आम्ल करण्याचे वचन सैन्याला दिले, १९१५ मध्ये ओपाऊतून ते निघू लागले आणि १९१७ मध्ये लॉयनाचा मोठा कारखाना उभा राहिला. त्या युद्धाची लांबी या नळीने वाढवली. हेबरने स्वतः २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन सोडण्याचे काम पाहिले आणि १९१८ चे नोबेलही त्यालाच मिळाले. प्रभावी याचा अर्थ चांगली असा नव्हे, एवढे चर्चेतल्या अनेक पत्रांना सांगावेसे वाटते.

ओपाऊचेच पाहा. २१ सप्टेंबर १९२१ रोजी तिथल्या कोठारातील साडेचार हजार टन अमोनियम सल्फेट-नायट्रेटच्या ढिगाचा काही भाग उडाला आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. खत ओलाव्याने दगडासारखे जमायचे, म्हणून ते सुरुंगाने सैल करत. हजारो वेळा काही झाले नव्हते. पण वाळवण्याची पद्धत बदलल्यावर ढिगात कुठे कुठे नायट्रेटचे प्रमाण वाढलेले होते. चाचणी सरासरी मिश्रणाची झाली होती, ढिगातल्या प्रत्येक कप्प्याची नव्हे.

आपल्याकडचा हिशोबही असाच दुहेरी आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे ४५ किलोच्या १९ गोण्यांहून अधिक युरिया. तो लागण, सहा ते आठ आठवडे, बारा ते सोळा आठवडे आणि मोठी बांधणी असा चार हप्त्यांत द्यायचा असतो. वरवर फोकलेला युरिया ओल्या जमिनीत विघटित होऊन त्याचा अमोनिया पुन्हा हवेत जातो. पाणी जास्त दिले तर नायट्रेट विहिरीत उतरते. पाणी साचले तर जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात, जो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जड आहे. युरिया मातीआड केला तर बराच वाचतो.

तेव्हा यादीत अमोनिया घ्यावा आणि तारीख २ जुलै १९०९ ऐवजी ९ सप्टेंबर १९१३ छापावी, ही विनंती. कार्लस्रुहेच्या टेबलावरच्या वेगाने एका हेक्टर आडसाली उसाचे नत्र भरायला यंत्र दिवसरात्र चालवूनही अडीचशे दिवस लागले असते. ओपाऊला तेवढे नत्र बांधायला पूर्ण क्षमतेवर तेवीस-चोवीस मिनिटे पुरत होती.

आपला,
एक वाचक, चेंबूर