अकरा नंबरवाल्या अ‍ॅलेक्स स्मिथ यांस

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस

श्री. अ‍ॅलेक्स स्मिथ यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्ही ते वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय. तुमच्यामुळे माझी एक वही उघडी झाली आणि ती वही मराठीत होती, तेव्हा आभारही मराठीतच बरे.

मी पुण्याहून इथे आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे दर सहा सेकंदांनी थांबणारी मारामारी, एवढंच माझं मत होतं. 2013 साली तुम्ही क्वार्टरबॅक म्हणून कॅन्सस सिटी चीफ्स या संघात आलात. आदल्या वर्षी 16 पैकी फक्त 2 सामने जिंकलेल्या त्या संघाने त्या वर्षी 11 जिंकले. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषयच निघेना, म्हणून नाइलाजाने बघायला लागलो. पुढे नाइलाज संपला आणि नाद लागला.

पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना क्वार्टरबॅक असा समजावतो. प्रशिक्षक हेल्मेटातल्या रेडिओवर चाल सांगतो. घड्याळ 40 सेकंदांचं, आणि त्यातले 15 उरले की रेडिओ गप्प. तोवर याने ती लांबलचक चाल न अडखळता बाकीच्या दहा जणांना सांगायची, समोरचे अकरा कसे उभे आहेत ते बघायचं, कोण धावून येणार याचा अंदाज बांधायचा, गरज पडली तर ओरडून सगळं बदलायचं, आणि सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस अंगावर पडायच्या आत चेंडू सोडायचा. असा माणूस मैदानावर एकच. त्याच्या जागेसाठी तयार होत असलेला दुसरा अख्खा मोसम बाजूला उभा. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, पण कसोटी एकही मिळाली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती आणि तिथे बेदी होते. हे सांगितलं की पाहुण्यांना सगळं समजतं.

राखीव क्वार्टरबॅक घडवणं म्हणजे नेमकं काय, हे मला फार उशिरा कळलं. सरावात बहुतेक पाळ्या पहिल्या नंबरच्या माणसाला मिळतात. रविवारी त्यालाच खेळायचं असतं. दुसऱ्याच्या वाट्याला काय येतं? पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग. कार्डावर त्या संघाच्या चाली काढून देतात, त्या याने आपल्याच बचावफळीविरुद्ध खेळून दाखवायच्या, म्हणजे तिचा सराव होतो. स्वतःच्या संघाच्या चाली पोरगा मैदानावर फारशा खेळतच नाही. लीग आणि खेळाडूंमधल्या 2011 च्या करारापासून सरावाचे तासही कमी झाले. मग शिकायचं कुठे? फिल्म बघायच्या खोलीत. तिथे पहिल्या नंबरवाला शेजारी बसलेला असतो, आणि तो किती दाखवतो यावर बरंच काही ठरतं.

27 एप्रिल 2017 ची रात्र. आदल्या मोसमात तुमच्या संघाने 12 सामने जिंकले होते. तरी चीफ्सने ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, आपला 27 वा क्रमांक, तिसऱ्या फेरीतली एक निवड आणि पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवड बफेलोच्या संघाला दिली आणि उडी मारून 10 वा क्रमांक घेतला. कशासाठी? तर पॅट्रिक महोम्ससाठी, म्हणजे तुमच्याच जागेवर बसणाऱ्यासाठी. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घ्यायची या संघाची 1983 नंतरची ही पहिलीच वेळ. सोफ्यावर बसून मी बायकोला म्हणालो, "गेला बिचारा स्मिथ."

पोरगा टेक्सास टेक विद्यापीठातून आलेला. तिथल्या पद्धतीत बहुतेक चाली मैदानाबाहेरून खुणांनी यायच्या, गोल करून उभं राहून लांब वाक्यं म्हणायची सवय नाही. आणि इथे प्रशिक्षक अँडी रीडची चाल म्हणजे मालगाडी, डबे मोजता मोजता दमायला होतं. हात मात्र असा, की तुमचे बचावपटू नंतर सांगत, सरावात हा भलतीकडे बघत भलतीकडे फेकतो.

असा पोरगा तुमच्या खोलीत येऊन बसला. तुमच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडत नव्हतं, हे मी विसरलो होतो. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात असताना, डोक्याला मार लागून तुम्ही बाहेर बसलात. तोवर तुमच्या शंभरातल्या सत्तर फेकी पोचत होत्या. तुमच्या जागी कॉलिन केपर्निक हा दुसऱ्या वर्षातला राखीव आला आणि जागा त्याचीच झाली. तो संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तुम्ही बाजूला उभे. एकदा असं पोळल्यावर दुसऱ्यांदा माणूस खोलीचं दार लावून घेतो. मी तरी घेतलं असतं. घेतलंच होतं, ते पुढे येतंय.

मला जास्त विचार करायला लावतं ते 2005 साल. त्या ड्राफ्टमध्ये तुम्ही पहिले, आणि आरन रॉजर्स घसरत घसरत 24 वे. सगळ्यांना त्याची कीव आली. पण तो ग्रीन बेच्या संघात ब्रेट फार्व्ह या मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या मागे तीन वर्षं बसला, 2008 मध्ये उभा राहिला आणि मग लीगमधल्या थोरांत जाऊन बसला. तुम्ही मात्र एकविसाव्या वर्षी थेट आगीत. सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात, तोही पेटन मॅनिंगच्या कोल्ट्सविरुद्ध, चार चेंडू विरोधकांच्या हातात. त्या अख्ख्या मोसमात टचडाउनची, म्हणजे सहा गुण मिळवून देणारी फेक एक आणि इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी झेललेल्या फेकी, अकरा. नंतर जवळजवळ दर वर्षी चाली आखणारा प्रशिक्षक नवा, म्हणजे नवी भाषा. तुम्हाला बसायला बाक मिळाला नाही आणि मागे बसून बघता येईल असा माणूसही मिळाला नाही. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्यालाही मिळू न देणारी माणसं मी ऑफिसात ढिगाने पाहिली आहेत.

2017 मध्ये तुम्ही केलंत काय? महोम्स पुढे अनेकदा जाहीरपणे सांगत आला आहे: आठवड्याची तयारी कशी करायची, समोरचा बचाव कसा वाचायचा, हे तो तुमचं बघून शिकला. तुम्ही शाळा काढली नाहीत. तुमचं रोजचं काम केलंत आणि त्याला बघू दिलंत. गवयाच्या मागे तानपुऱ्यावर शिष्य बसतो तसं. मैफल गुरूची असते, शिष्याला कुणी काही समजावत नाही, पण श्वास कुठे घेतला हे त्याला मागून दिसतं.

आणि एक. लोक तुम्हाला त्यागमूर्ती करून टाकतात ते मला पटत नाही. तुम्ही जागा सोडली नव्हतीत, तुम्ही ती लढवत होतात. पहिल्याच सामन्यात न्यू इंग्लंडच्या मैदानावर 368 यार्ड, चार टचडाउन, 42-27. वर्षअखेर 26 टचडाउन आणि फक्त 5 इंटरसेप्शन, पासर रेटिंग, म्हणजे फेकींच्या कामगिरीचा गुणांक, 104.7, साऱ्या लीगमध्ये पहिलं. कारकिर्दीतलं उत्तम वर्ष, आणि तेही मागे पोरगा बसलेला असताना. सोडून देणाऱ्याकडून तो काय शिकला असता?

इथे एक कबुली. पाच विजयांनी सुरू झालेला तो मोसम मध्येच गडगडला, सातपैकी सहा सामने गेले. तेव्हा "पोराला आणा" म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडलो. त्याबद्दल माफी मागतो. रीड यांनी माझं ऐकलं नाही हे बरं झालं. तुम्ही उरलेले सामने जिंकत संघाला बाद फेरीत नेलंत, आणि पोराला मिळाला तो फक्त शेवटचा सामना, 31 डिसेंबरला डेन्व्हरमध्ये, जेव्हा निकालाने काही बिघडणार नव्हतं. आमच्याकडे कांदेपोहे आणि टीव्ही. 35 पैकी 22 फेकी, 284 यार्ड, एक इंटरसेप्शन. आघाडी आहे म्हणून चौथ्या डावात त्याला बाहेर काढलं, त्याच्या जागी आलेल्याच्या वेळी चेंडू निसटला, पुढे बरोबरी झाली, मग त्यालाच परत पाठवलं आणि तो शांतपणे संघाला गोलाच्या टप्प्यात घेऊन गेला. 27-24. पोहे गार झाले. बायको म्हणाली, "हा पोरगा घाबरत कसा नाही?" सोळा आठवडे त्याने काय बघितलं होतं हे तेव्हा आम्हा दोघांना उमगलं नव्हतं.

सहा दिवसांनी टेनेसीविरुद्ध 21-3 अशा आघाडीवरून 22-21 ने हरलो. त्यात त्यांच्या क्वार्टरबॅकने स्वतःचीच अडवलेली फेक स्वतः झेलून टचडाउन केला. त्यावर मी अजून बोलत नाही. 30 जानेवारीला बातमी आली, तुम्हाला वॉशिंग्टनच्या संघाला दिलं.

आता वही. त्याच जानेवारीत माझ्या शेजारच्या टेबलावर नेब्रास्काचा एक चोवीस वर्षांचा पोरगा आणून बसवला होता. मॅनेजर म्हणाला, "याला तुझं सगळं दाखव." 'सगळं' या शब्दाचा अर्थ कळायला मला वेळ लागला नाही. माझं काम रात्रीच्या बॅचचं, म्हणजे रात्री ओळीने चालणाऱ्या संगणकाच्या कामांचं (एकेका कामाला 'जॉब' म्हणतात), मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर, कोबोल या जुन्या संगणकभाषेत. महिनाअखेरीला कुठला जॉब कुठे कोसळतो, कोसळला तर आधी काय बघायचं, कशाला मुळीच हात लावायचा नाही, हे कंपनीच्या एकाही कागदावर नव्हतं. ते होतं अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या दोनशे पानी वहीत, मराठीत, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. सवयीने मराठीत लिहायचो असं सगळ्यांना सांगायचो. खरं कारण तेवढंच नव्हतं. ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही याचा मला आधार वाटायचा.

दोन आठवडे मी त्या पोराला नुसतं चारलं: जुनी मॅन्युअलं, नको ते आराखडे. तो शहाण्यासारखं वाचत बसे. मी फोन घ्यायला बाहेर जायचो, स्क्रीन तिरकी करायचो. तुमच्या सौद्याची बातमी आली त्या रात्री जेवताना मी हळहळलो, "ज्याला शिकवलं त्यानेच घालवलं." बायकोने वाढता वाढता विचारलं, "आणि तू काय करतोयस? तुझ्याकडचा पोरगा तर अजून शिकतही नाहीये." आमच्याकडे समालोचन ती करते.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची सरकवून त्याला शेजारी घेतलं. वही उघडली. त्याला वाचता येणार नव्हतीच, म्हणून मी मोठ्याने इंग्रजी करत गेलो आणि तो टाईप करत गेला. रोज तासभर, सहा आठवडे. गंमत म्हणजे, वाचून दाखवताना माझ्याच तीन-चार नोंदी चुकीच्या निघाल्या. एकीवर तो म्हणाला, "पण मग हा जॉब आधीच का नाही चालवत?" मी नऊ वर्षं तो नंतर चालवत होतो. त्या महिन्याची बॅच पंचेचाळीस मिनिटं आधी संपली. शाबासकी मी घेतली, हेही इथे लिहून टाकतो.

वर्ष संपायच्या आत ते काम त्याच्याकडे गेलं आणि मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. मला ते लागलं. आजही थोडं लागतं. त्याच साली 18 नोव्हेंबरला तुमचा पाय मोडताना मी पाहिला आणि टीव्ही बंद केला. त्यानंतरच्या 17 शस्त्रक्रियांबद्दल, जंतुसंसर्गातून पाय आणि जीव वाचला त्याबद्दल नंतर वाचलं. इकडे महोम्सने त्या मोसमात 50 टचडाउन फेकले. 2 फेब्रुवारी 2020 ला चीफ्सने पन्नास वर्षांनी सुपर बोल जिंकला, तोही तुमच्या जुन्या सॅन फ्रान्सिस्कोला हरवून. गल्लीत फटाके वाजत होते आणि मला तुम्ही आठवत होता, अजून मैदानावर न परतलेले. ऑक्टोबरमध्ये परतलात. त्या दिवशी मी वॉशिंग्टनच्या बाजूने ओरडलो, पूर्वीच्या ओरडण्याची थोडी भरपाई म्हणून.

पत्र आज लिहायचं कारण मात्र गेल्या महिन्यातला एक फोन. नेब्रास्काचा पोरगा आता स्वतः सीनियर आहे, त्याच्या शेजारी एक नवी मुलगी शिकायला बसली आहे. तिने त्याला विचारलं, आपल्या फाईलमध्ये 'टू ए. एम. बॉम्ब' असं का लिहिलंय? सुरक्षा विभागानेही म्हणे एकदा मेल करून हेच विचारलं होतं. माझ्या वहीत त्या जॉबचं नाव होतं 'दोनची बोंब'. रात्री दोनला तो कोसळला की सगळे फोन एकदम वाजायचे, म्हणून. मी वाचलं बोंब, त्याने ऐकलं बॉम्ब. इतकी वर्षं ते तसंच चाललंय. बोंब म्हणजे काय ते मी त्याला फोनवरच मारून दाखवलं. मुलगी शेजारीच होती, तिनेही लिहून घेतलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोनच्या बोंबेचा माजी मालक