समुपदेशन थांबवू नका

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विमा कंपनीने पैसे नाकारल्यामुळे राजारामपुरीतल्या समुपदेशक बाईंकडे जाणे तुम्ही बंद करणार आहात, असे आईकडून समजले. कृपया तसे करू नका. उद्यमनगरातला कारखाना बंद झाल्यापासून तुमची गेलेली झोप आता कुठे परत येऊ लागली आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. परंतु ज्या पॉलिसीत मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीचे पैसे मिळत नाहीत, तिच्यात समुपदेशनाच्या बैठकीचेही मिळत नाहीत. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच दावा करता येतो. तुमची पॉलिसी मी नीट वाचली, तीत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च धरलेलाच नाही. त्यामुळे दावा नाकारला गेला याचा अर्थ तुमचा आजार खरा नाही किंवा हे उपचार अनावश्यक आहेत, असा मुळीच होत नाही.

बैठकांची फी यापुढे मी भरीन. गोळ्यांचा खर्च जड वाटत असेल, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतात. रात्री फारच अस्वस्थ वाटले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. मात्र तुमची सगळी हकिगत ठाऊक असलेल्या व्यक्तीसमोर नेमाने बसण्याला तो पर्याय नव्हे, म्हणून बाईंकडे जाणे चालूच राहू द्या.

आई, ओपीडीसह नवी पॉलिसी घेताना बाबांच्या गोळ्यांचा उल्लेख फॉर्मवर करू नये, असे तुला वाटते. पेठेत चर्चा होईल ही तुझी भीती मला समजते. पण तो फॉर्म पेठेत कोणी वाचत नाही, आणि माहिती दडवल्याचे उघड झाले तर उद्या हृदयविकाराचा दावाही अडकू शकतो. खरे लिहिले तर प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा करता येत नाही असा सुरुवातीचा काळ, लागू शकतो, आणि एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी तो तीन वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. जुनी पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर तिच्यात पूर्ण झालेला काळ त्यातून वजाही होतो. म्हणून मी येईपर्यंत कोणत्याही फॉर्मवर सही करू नका.

पुढच्या महिन्याची फी आईच्या खात्यात जमा केली आहे. बाबा, वेळ रद्द केली असेल, तर बाईंना आजच फोन करून ती परत घ्या.

तुमची,
वैशाली