सामन्याच्या सकाळी टँकर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिनाच्या फुटबॉल सामन्यांसाठी मैदानावर टँकरनं पाणी मारतानाचा फोटो आपल्या तालुका पानावर छापून आला होता. मैदान सज्ज झाल्याचं खाली लिहिलं होतं. मी शेती करतो आणि शाळा-मंडळांच्या सामन्यांत शिट्टी वाजवायला जातो. दोन्हीकडे गाठ काळ्या मातीशीच आहे, म्हणून हे पत्र. सामन्याच्या दिवशी सकाळी पाणी मारलं की आपल्याकडचं मैदान निसरडं होतं. ते सज्ज झालं असं फक्त मंडपातून दिसतं.

पाणी मारूच नये असं माझं म्हणणं नाही. दिवाळीनंतर पडीक काळी जमीन वाळत जाते, जानेवारीपर्यंत तिला भेगा पडतात आणि वरचा थर दगडासारखा होतो. अशा जमिनीवर पोरगा पडला की कोपर-गुडघे सोलून निघतात, चेंडू गुडघ्याएवढा उसळतो, आणि भेगेत पाय गेला तर घोटा गेलाच म्हणून समजा. ऑस्ट्रेलियात त्यांच्याकडच्या फुटबॉलचा अभ्यास झाला, तेव्हा कोरड्या, कडक मैदानांवर गुडघ्यातलं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे ओल हवीच. ती कधी द्यायची, किती द्यायची आणि सगळीकडे सारखी कशी द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

जरा हिशोब करू. मैदान 100 मीटर लांब आणि 64 मीटर रुंद धरलं तर 6,400 चौरस मीटर होतात. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. ट्रॅक्टरमागचा टँकर 5,000 लिटरचा, म्हणजे अख्ख्या मैदानावर तो सारखा पसरला तरी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आणि सारखा तर तो कधीच पसरत नाही. ट्रॅक्टर जिथून वळतो तिथं चिखल, जिथं पाईप धरणारा गप्पा मारत उभा राहिला तिथं डबकं, आणि पलीकडचा कोपरा तसाच कोरडा. सगळ्यात वाईट हाल गोलसमोरच्या जागेचे. पायांनी तुडवून तिथं आधीच खळगा झालेला असतो, सगळं पाणी वाहत जाऊन तिथंच साचतं. मग गोलकीपर डावीकडे झेप घ्यायला जातो आणि उजव्या पायावरच बसतो. लोक हसतात. कीपरला हसू येत नाही.

काळ्या मातीत पाणी पडलं की ती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर वरचं पाणी फार सावकाश खाली उतरतं. त्यामुळे सकाळी सातला टँकर फिरवून नऊला सामना सुरू केला तर वर बोटभर गारा, म्हणजे पातळ चिखल, आणि त्याखाली तीच कडक जमीन, अशी स्थिती असते. स्टडला, म्हणजे बुटाच्या तळव्याखालच्या खुंटीला, वरच्या गाऱ्यात पकड मिळत नाही आणि खालच्या कडक थरात तो रुतत नाही. पाचेक मिनिटांत माती बुटाला चिकटते, दोन स्टडमधली जागा भरून जाते आणि तळवा सपाट होतो. नांगरटीच्या दिवसांत वावरातून चालताना चप्पल कशी जड होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. तसा पाय घेऊन सोळा-सतरा वर्षांचं पोरगं पळतं, आणि पळता पळता कोरड्यातून ओल्यात जातं.

खरा धोका मला या कोरड्या-ओल्याच्या सीमेवर दिसतो. सगळं मैदान सारखं ओलं असलं तर पोरं पाचदहा मिनिटांत अंदाज घेतात, पावलं आखूड टाकतात, वळताना वेग कमी करतात. सामने पावसात होतातच की. पण दहा पावलं घट्ट जमीन आणि अकराव्याला गारा, हे शरीराला कळायच्या आत घडतं. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात बारावीचा एक पोरगा उजव्या बगलेनं चेंडू घेऊन निघाला. माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर तो आत वळला. टेकवलेला पाय टँकरच्या चाकोरीत घसरला, दुसरा पाय चिकट मातीत अडकून राहिला आणि अंग मात्र पुढं गेलं. गुडघ्यातून आवाज आलेला मला शिट्टीच्या आधी ऐकू आला. आजूबाजूला एकही खेळाडू नव्हता, त्यामुळे फाऊल कोणाला द्यायचा? आयोजकांनी ॲम्ब्युलन्सऐवजी एक जीप दिली आणि पुढचा सामना वेळेवर सुरू केला.

टीव्हीवर बघून लोक म्हणतात, परदेशात सामन्याआधी आणि हाफटाईमलासुद्धा फवारे सोडतात, मग आपण मारलं तर काय बिघडलं? बिघडतं ते जमिनीमुळे. त्यांच्या मोठ्या मैदानांखाली बहुतेक वाळूचा थर असतो, त्याखाली पाणी काढून नेणारे पाईप असतात. वरचं पाणी पाती भिजवून खाली निघून जातं. गवत बारीक कापलेलं असतं, ओल्या पात्यावरून चेंडू झरझर सरकतो आणि पास जलद जातो, म्हणून ते पाणी मारतात. स्टडला धरून ठेवतात ती गवताची मुळं. एवढं असूनही तिथले खेळाडू ओल्या मैदानासाठी वेगळे, लांब स्टड वापरतात. 1954 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला पाऊस होता, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंकडे स्टड बदलता येणारे बूट होते, आणि त्यांनी हंगेरीला 3-2 नं हरवलं. आपल्या पोरांकडे एकच जोड, तोही अनेकदा मोठ्या भावाचा. निम्मे कॅनव्हासच्या सपाट बुटांत खेळतात.

आणि आपल्याकडे गवत असतं कुठं? सामन्यांआधी ट्रॅक्टरला ब्लेड लावून मैदान 'साफ' करायची पद्धत आहे, म्हणजे पावसाळ्यात स्वतःहून आलेली हराळी खरवडून फेकायची. वावरात आपण तिला शिव्या देतो ते बरोबरच, पण उष्ण देशांतल्या फुटबॉलच्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत मुद्दाम लावतात, ते म्हणजे ही हराळीच. ती फुकट आलेली असते, माती बांधून धरते, आणि आपण डिझेल जाळून तिला काढतो!

मी हे एका आयोजकांना सांगितलं तर ते म्हणाले, "सर, पाणी नाही मारलं तं पाहुण्यायच्या तोंडात फुफाटा जाते ना!" अडचण खरी आहे. पण मग मंडपासमोरच्या आणि रस्त्याकडच्या पट्ट्यावर शिंपडा, खेळाच्या जागेत नको.

खेळाच्या जागेला पाणी द्यायचं तर सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी, एकदाच, आणि तुषार संचानं. हरभऱ्याला पाणी देणाऱ्या निम्म्या घरांत संच असतोच. दोन रात्रींसाठी कोणीही देईल, रात्रीची लाईन असली की मोटर चालू करायची आणि पाईप सरकवत जायचं. दहा मिलिमीटर ओल द्यायची तर 64 हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे तेरा टँकर. हे काम टँकरचं नाही, विहिरीचं आहे. त्यानंतर जमिनीला वापसा येऊ द्यायचा, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहू द्यायची. तपासायला यंत्र नको, पेरणीच्या आधी आपण करतो तेच: बोटभर खालची माती मुठीत दाबायची, गोळा व्हायला हवा, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटायला हवा. हाताला चिकटून बसला तर आणखी एक ऊन द्या. मग हलका रोलर फिरवा. गोलसमोरचे खळगे मात्र पाणी देण्याआधीच तिथल्याच मातीनं भरून चोपून घ्या. मुरूम टाकू नका, त्यानं कातडी सोलते.

उन्हाळ्यातल्या सामन्यांना हे लागू नाही. एप्रिल-मे महिन्यात गावात हंड्यांची रांग असताना मैदानावर 64 हजार लिटर सोडायला मी कोणालाच सांगणार नाही. ते सामने पावसाळ्याच्या शेवटी घ्यावेत, तेव्हा गवत असतं आणि ओलही. तालुक्याच्या गावी आता प्लॅस्टिकचे टर्फ झालेत, तेही उन्हात तव्यासारखे तापतात. पाणी मारलं की थोडा वेळ गार होतात आणि परत तापतात. तो विषय वेगळा आहे.

शेवटी पंच म्हणून एक. मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार फुटबॉलच्या नियमांनी पंचाला दिलेला आहे. प्रत्यक्षात तो मैदानावर पोचतो तेव्हा पाहुणे खुर्चीत बसलेले असतात आणि माईक सुरू झालेला असतो. त्या वेळी 'सामना दोन तास थांबवा' म्हणायची हिंमत मला तरी फार वेळा झालेली नाही. म्हणून आयोजकांनी पंचाला आदल्या दिवशी संध्याकाळी मैदान दाखवावं, आणि प्रवेश फी भरतानाच संघांनी तशी मागणी करावी. आपल्या तालुका प्रतिनिधींनीही पुढच्या सामन्यांच्या आदल्या दिवशी मैदानावर यावं. टँकर उभा दिसला तर तो कोणी आणि कधीसाठी बोलावला, एवढं विचारून छापावं.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ