चट्टे मोजून सगळे रुग्ण सापडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुष्ठरोग शोध अभियानाची बातमी दरवर्षी आपल्या जिल्हा पानावर येते. किती घरांना भेटी दिल्या, किती संशयित निघाले आणि किती जणांना औषधे सुरू झाली, हे तिच्यात व्यवस्थित दिलेले असते. मी मात्र गेली काही वर्षे त्या बातमीत एक वेगळाच आकडा शोधतो आणि तो मला अद्याप सापडलेला नाही. नव्याने सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि त्यांतल्या किती जणांत जंतू दिसले, हा तो आकडा. विदर्भातल्या एका कुष्ठरोग पथकात तीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केल्यामुळे काचपट्टीकडे माझा ओढा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही पुढील मजकूर केवळ एका निवृत्त कर्मचाऱ्याची हळहळ म्हणून वाचला जाऊ नये, अशी विनंती आहे.

ज्यांनी ही तपासणी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायची आणि रक्त मागे सरून ती पांढरी पडेपर्यंत दाब सोडायचा नाही. मग पंधरा नंबरच्या पात्याने सुमारे पाच मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर खोल छेद घ्यायचा, पाते काटकोनात वळवून छेदाची आतली बाजू दोन-तीन वेळा खरवडायची आणि पात्याच्या टोकाला आलेला ऊतींचा रस काचपट्टीवर वाटाण्याएवढ्या वर्तुळात पसरायचा. सारे कौशल्य चिमटीत आहे. ती सैल पडली की रक्त येते आणि मग तेलभिंगाखाली जंतूंऐवजी रक्तपेशी पाहत बसावे लागते. लेप वाळल्यावर तो ज्योतीवर फिरवून पक्का करतात, कार्बोल फुक्सिनने लाल रंगवतात, सौम्य आम्लाने धुतात आणि शेवटी मेथिलिन ब्लू देतात. कुष्ठरोगाचे जंतू आम्लाला दाद न देता लाल राहतात, बाकी सारे निळे होते. पुस्तकांत या जंतूंच्या जुडग्यांना सिगारेच्या गठ्ठ्याची उपमा दिलेली असते. आमच्या पथकात कोणी सिगार पाहिलेला नव्हता, त्यामुळे आम्ही त्याला विड्यांचा कट्टा म्हणत असू, आणि ती उपमा अधिक चपखल आहे असे मला आजही वाटते.

जंतू दिसले एवढे सांगून काम संपत नाही, ते मोजावे लागतात. सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या भागाला क्षेत्र म्हणतात. अशी शंभर क्षेत्रे पाहून एक ते दहा जंतू मिळाले तर निर्देशांक एक, प्रत्येक क्षेत्रात सरासरी एक ते दहा मिळाले तर तीन आणि एकेका क्षेत्रात हजाराहून अधिक असले तर सहा, अशी ही रिडले यांची श्रेणी आहे. तिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट आहे. म्हणजे निर्देशांक पाच असलेल्या माणसाच्या त्वचेत निर्देशांक दोन असलेल्याच्या हजारपट जंतू असतात. केवळ त्वचेवरचे चट्टे मोजून उपचार ठरवणाऱ्याला हा फरक दिसण्याचा काही मार्ग नाही.

चट्टे मोजण्याची पद्धत कशी आली, तेही न्यायाने सांगायला हवे. आपल्याकडे राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत, देशात सर्वप्रथम ज्या जिल्ह्यांत पोहोचला त्यांत वर्धा होता. त्या काळी कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना त्वचेच्या लेपाला मोठे वजन होते. पुढे देशभर काचपट्ट्यांचा दर्जा घसरला, निकाल आठवडेच्या आठवडे येईनात आणि एचआयव्ही व काविळीच्या काळात एकाच पात्याने दोन माणसांना छेद दिला जाण्याची भीती निर्माण झाली. पात्यावर तेव्हा होणारी काटकसर मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळे ती भीती अवास्तव होती असे मी म्हणणार नाही. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने लेपाची सक्ती काढली. पाचपर्यंत चट्टे असतील तर रुग्ण असांसर्गिक, त्याला सहा महिने औषध. पाचाहून अधिक असतील तर सांसर्गिक, त्याला बारा महिने. या सोपेपणामुळे उपचार खेड्यापर्यंत गेले आणि लाखो लोकांचे हातपाय वाचले. नंतर डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला, स्वतंत्र पथके सर्वसाधारण आरोग्य सेवेत विलीन झाली आणि आमच्यासारख्यांच्या सूक्ष्मदर्शकांवर कापडी खोळी चढल्या. माझा आक्षेप लेपाची सक्ती काढण्यावर नाही. सक्तीबरोबर ती तपासणी करू शकणारे हातही संपू दिले, यावर आहे.

याचा परिणाम काय होतो, ते एका अनुभवावरून सांगतो. एका गावी शाळेच्या व्हरांड्यात आमचे शिबिर होते. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर एकच बधिर चट्टा होता. तिला घेऊन आलेला बाप चाळिशीचा, मागे उभा. त्याच्या अंगावर एकही चट्टा नव्हता आणि पिसाच्या टोकाचा स्पर्श त्याला सगळीकडे कळत होता. पण कपाळ तेल लावल्यासारखे चकाकत होते, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या आणि कानाच्या पाळ्या बोटाला जाड लागत होत्या. त्याविषयी विचारले तर म्हणाला, ‘‘भाऊ, आमच्या घरी साऱ्यायचेच कान जाड हायेत.’’ दीड वर्ष त्याच्यावर दुसरीकडे अंगावरच्या ॲलर्जीचे उपचार चालू होते. दोन्ही कानांच्या आणि कपाळाच्या लेपात त्याचा निर्देशांक पाच आला. त्या घरात चट्टे मोजणाऱ्या पाहणीला एक असांसर्गिक मुलगी मिळाली असती आणि तो बाप तसाच घरी परतला असता.

हा अपवाद नव्हे. रोगाच्या ज्या टोकाला त्वचेत जंतूंची सर्वाधिक दाटी असते, त्या लेप्रोमॅटस प्रकारात सुरुवातीला ठळक चट्टे नसतात आणि संवेदनाही बराच काळ शाबूत राहते. म्हणजे ‘न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा’ हे भिंतीवर रंगवलेले वर्णन नेमके ज्याच्याकडून रोग पसरण्याचा संभव सर्वांत जास्त त्याला लागू पडत नाही. केवळ गाठींच्या रूपात येणाऱ्या हिस्टॉइड प्रकाराचेही तसेच; त्या गाठी चरबीच्या किंवा आनुवंशिक समजून वर्षे जातात आणि लेप घेतला तर काचपट्टी लाल होऊन जाते.

उलट टोकाला लेपाचा उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. एक ग्रॅम ऊतीत दहा हजारांच्या आसपास जंतू असल्याखेरीज ते लेपात दिसत नाहीत, आणि बहुसंख्य रुग्णांचा लेप निरंकच येतो. त्यामुळे ‘लेप निरंक, म्हणून कुष्ठरोग नाही’ असे कोणी लिहिले तर ते चूकच. लहान मुलाच्या गालावरचा फिकट चट्टा घ्या. गालावर संवेदना तपासणे अवघड असते, मूल घाबरलेले असते आणि उत्तरे अंदाजाने देते. तिथे चार-पाच मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवणे हाच मार्ग उरतो. पेशींचा दाह त्वचेतल्या बारीक मज्जातंतूभोवती जमून त्याला आतून पोखरतो आहे असे दिसले, तर एकही जंतू न सापडता निदान होऊ शकते. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली रोगाची जी पाच गटांची मांडणी केली, ती अशाच तुकड्यांच्या वाचनावर उभी आहे.

पण तुकडा नीट घ्यायला हवा. तो चट्ट्याच्या उठावदार कडेवरून आणि खाली चरबी दिसेपर्यंत खोल घेतला पाहिजे. वरवर खरडलेल्या कातडीत मज्जातंतूच येत नाही आणि मग अहवालात ‘विशेष काही आढळले नाही’ एवढेच लिहून येते. सोबतच्या कागदावर चट्टा कुठे आहे, किती दिवसांचा आहे, बधिर आहे की नाही, यातले एकही अक्षर नसलेले नमुने मी इतके पाहिले आहेत की त्यावर वेगळे पत्र लिहिता येईल. रंगवण्याची रीतही निराळी. तुकडा मेणात बसवून कापताना हे नाजूक जंतू आपले आम्लरोधी कवच गमावतात, म्हणून फाइट-फॅराको पद्धतीत काप मेणमुक्त करतानाच त्याला शेंगदाण्याचे तेल मिसळलेल्या द्रावणात ठेवतात. प्रयोगशाळेच्या कपाटात शेंगदाण्याच्या तेलाची बाटली पाहून आमच्या एका तपासनीसांनी भुवया उंचावल्या होत्या.

रुग्णाच्या त्वचेला या रोगात इतके महत्त्व का, याचे कारण जंतूच्या स्वभावात आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींतील ऊतीत तो पाहिला. त्यानंतर दीडशे वर्षे उलटली तरी तो प्रयोगशाळेतील कुठल्याही माध्यमावर वाढलेला नाही. त्याला दुप्पट व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. १९५८ साली मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णाच्या गाठीपासून जे आयसीआरसी जंतू वाढवले गेले, त्यांच्यापासून पुढे लस तयार झाली, पण तेही वेगळ्याच कुळातले निघाले. शेपर्ड यांनी १९६० मध्ये उंदराच्या तळपायात हे जंतू मर्यादित प्रमाणात वाढवून दाखवले आणि १९७१ मध्ये आर्माडिलो हा प्राणी उपयोगी ठरला. म्हणजे औषध असो, लस असो वा २००१ साली उलगडलेली जंतूची जनुकीय रचना असो, प्रत्येकाच्या मुळाशी कोणातरी रुग्णाने दिलेली ऊती आहे. दिलेली म्हणजे विचारून घेतलेली, हे मात्र गृहीत धरू नये. हॅन्सन यांनीच संमतीवाचून एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाकडचा अंश टोचला आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. आमच्या काळी शिबिरात लेप घेताना अंगठासुद्धा घेत नसत, ही गोष्ट आता आठवली की बरे वाटत नाही.

आणखी एक बाब, जी माझ्या मते सर्वांत निकडीची आहे. बारा महिन्यांचे औषध संपल्यावर दोन-तीन वर्षांनी रुग्ण नव्या गाठी घेऊन परत येतो. ही जंतूंविरुद्ध शरीराची दाहक प्रतिक्रिया आहे, की रोग उलटला आहे, की जंतू औषधाला जुमानत नाहीत? पहिल्यासाठी स्टेरॉइड लागेल, दुसऱ्यासाठी पुन्हा तीच औषधे आणि तिसऱ्यासाठी वेगळी. मेलेले जंतू त्वचेतून हळूहळू नाहीसे होतात आणि निर्देशांक वर्षाला साधारण एकाने उतरतो. ज्याचा निर्देशांक सुरुवातीला पाच होता त्याच्या लेपात औषध संपतानाही चार दिसणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्याचा दोनवर आला होता तो पुन्हा चारवर गेला तर मात्र गोष्ट गंभीर आहे. सुरुवातीचा आकडाच कार्डावर नसेल तर हा हिशेब कोणी आणि कशावरून करायचा? औषधाला प्रतिकार आहे का, हे आता रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्विनोलोन या औषधांशी निगडित जंतूची जनुके तपासून कळते. उंदराच्या तळपायावर ज्याला सहा महिने ते वर्ष लागत असे ते काम यामुळे खूप लवकर होते. पण त्यासाठीही अल्कोहोलमध्ये ठेवलेला ऊतीचा नमुना कोणीतरी आधी घ्यावा लागतो आणि जंतू भरपूर असलेला रुग्ण कोणता, हे लेपावरूनच ओळखावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही लेपातील जंतू हे निदानाच्या तीन प्रमुख लक्षणांपैकी एक आहे, आणि ज्याच्या लेपात जंतू दिसतील तो चट्टे कितीही कमी असले तरी सांसर्गिक गटात धरावा असे म्हटले आहे. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात आणि २०२७ पर्यंत संसर्गाची साखळी तोडण्याचे आपले उद्दिष्ट आहे. असे असताना सूचना कागदावर आणि पात्याला हात लावणारे कोणी नाही, ही स्थिती बरी नव्हे.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय हवी असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर दर्जा पुन्हा घसरेल. उपजिल्हा रुग्णालयात एक तंत्रज्ञ पुरे. थुंकी तपासणाऱ्या तंत्रज्ञाला हा सूक्ष्मदर्शक आणि हा रंग ओळखीचाच आहे. त्याला चिमटीची सवय आणि मोजण्याचा सराव तेवढा द्यावा लागेल, आणि आम्लाचे एक पथ्य शिकवावे लागेल. क्षयरोगाच्या लेपावर वापरतात ते २५ टक्के गंधकाम्ल इथे ओतले तर कुष्ठरोगाचे जंतूही रंग सोडून देतात आणि भरलेली काचपट्टी निरंक ठरते. प्रत्येक रुग्णाला नवे पाते, निदानाच्या दिवशीचा निर्देशांक कार्डावर आणि काही काचपट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला, एवढ्यावर बरेच काम होईल. आशाताईंनाही चट्ट्याबरोबर चकाकणारे कपाळ आणि जाड कान पाहायला शिकवता येईल. त्याला एक दुपार पुरते.

पुढच्या अभियानाची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने जिल्हा कार्यालयाला किती लेप घेतले, हे विचारून पाहावे. उत्तर शून्य आले तरी ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वर्धा