चिनी अक्षर म्हणजे नुसतं चित्र नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिनी लिपीवर लेख आला, विषय छान होता, पण 'प्रत्येक चिनी अक्षर हे एक छोटं चित्रच' असं त्यात सरसकट लिहिलंय ते काही पटलं नाही आणि मुलं हेच जसंच्या तसं प्रोजेक्टमध्ये उतरवतात म्हणून लिहितेय.

एकच अक्षर घ्या, 'बेइ', म्हणजे कवडी. साधारण ३२०० वर्षांपूर्वी चीनमधल्या आन्यांग या जुन्या राजधानीच्या ठिकाणी हाडांवर आणि कासवाच्या पाठी-पोटाच्या कवचांवर कोरलेलं याचं रूप बघितलं तर शिंपला चक्क ओळखू येतो, तिथवर चित्र खरंच. कवडी तिकडे दूरच्या समुद्रावरून यायची त्यामुळे मोलाची, १९७६ मध्ये आन्यांगलाच राणी फू हाओची कबर सापडली तिच्यात साडेसहा हजारांवर कवड्या निघाल्या! आपल्याकडे गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते आणि 'फुटकी कवडी देणार नाही' असंही आपण म्हणतोच, तेव्हा मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. चीनमध्ये छिन राजवटीत (इ.स.पू. तिसरं शतक) कवडीचं चलन बंद झालं, नाणीच राहिली, पण अक्षरांतली कवडी गेली नाही. 'विकत घेणे'च्या पारंपरिक रूपात वर जाळं आणि खाली कवडी, उच्चार 'माइ'. त्याच्याच डोक्यावर 'बाहेर जाणे'चं चिन्ह चढवलं की 'विकणे', उच्चार तोही 'माइ', फक्त सूर वेगळा.

आता खरी गंमत 'संपत्ती'च्या अक्षरात आहे. उच्चार 'त्साइ', डावीकडे कवडी आणि उजवीकडे जे चिन्ह आहे त्याचा पैशाशी काही संबंध नाही, ते फक्त उच्चार सांगायला बसवलंय. आणि बहुतेक चिनी अक्षरं अशीच आहेत, एक भाग अर्थाचा, एक भाग आवाजाचा. शिवाय कवडी दिसली की पैसाच असंही धरून चालू नये. 'नियम' या अक्षरात आज कवडी दिसते पण मुळात तिथे तीन पायांचं काशाचं भांडं होतं आणि बाजूला सुरी, लिहून लिहून भांड्याचीच कवडी झाली.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा आणि जमलं तर 'बेइ'चं हाडावरचं रूप आणि आजचं रूप शेजारी शेजारी द्या, मुलांना लगेच कळेल.

आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा